रेडिएशनने घडवलेली ओली पट्टी : हायड्रोजेल ड्रेसिंगचा इतिहास

भाजलेल्या जखमेवर ठेवायची पारदर्शक, गारेगार, जेलीसारखी पट्टी आता बऱ्याच जणांनी पाहिलेली आहे. ही पट्टी रेडिएशन वापरून तयार करतात, असे सांगितले की समोरच्याचा चेहरा बदलतो. "डॉक्टर, रेडिएशन? आणि ते उघड्या जखमेवर ठेवायचं?" हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे, आणि तो चुकीचा मुळीच नाही. रेडिएशन म्हटले की आपल्याला हिरोशिमा, चेर्नोबिल किंवा कॅन्सरचे शेक आठवतात. पण 'काळजी करू नका' एवढे उत्तर पुरेसे नसते. ही पट्टी कुठून आली, कोणी बनवली आणि त्यात रेडिएशनचे नेमके काम काय, हे कळले की भीती आपोआप कमी होते. म्हणून आज तिचा इतिहास.

हायड्रोजेल म्हणजे काय?

फालुद्यातला सब्जा आठवा. कोरडे काळे बी पाण्यात टाकले की थोड्या वेळात त्याच्याभोवती बुळबुळीत पारदर्शक आवरण तयार होते. ते बरेचसे पाणीच असते, पण वाहून जात नाही. हे निसर्गाने बनवलेले हायड्रोजेल.

असे का होते? काही पदार्थांचे रेणू लांबलचक धाग्यांसारखे असतात. त्यांना पॉलिमर म्हणतात. पाण्याची ओढ असलेले असे धागे पाण्यात सुटे सोडले, तर ते विरघळतात आणि दाटसर द्रव तयार होतो. पण त्या धाग्यांना जागोजागी गाठी मारल्या, तर कोळ्याच्या जाळ्यासारखे एक जाळे तयार होते. हे जाळे पाणी धरून ठेवते, फुगते, पण विरघळत नाही. सुतळीचा गुंता आणि मासे धरायचे जाळे यांत जो फरक, तोच दाट द्रव आणि हायड्रोजेल यांत. सगळा प्रश्न असतो तो गाठी कशा मारायच्या याचा.

प्राग : स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा प्रयोग

वैद्यकात हायड्रोजेल आणण्याचे श्रेय चेकोस्लोव्हाकियाचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांना जाते. शरीराच्या ऊती मऊ आणि ओलसर असतात, मग शरीरात बसवायच्या वस्तू मात्र कडक धातूच्या किंवा कोरड्या प्लास्टिकच्या का, असा त्यांचा साधा प्रश्न होता. १९६० मध्ये त्यांनी द्राहोस्लाव लिम यांच्यासोबत 'नेचर' या नियतकालिकात पाणी शोषणाऱ्या आणि शरीराला न टोचणाऱ्या जेलविषयी एक छोटा लेख लिहिला. या विषयाची सुरुवात तिथून मानली जाते.

या जेलच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बनवायच्या होत्या, पण सरकारी पातळीवर त्या कामाचा पाठिंबा थांबला. मग १९६१ च्या नाताळात विख्टरले यांनी घरच्या टेबलावर, मुलांच्या 'मेर्कुर' या जोडणीच्या खेळण्यातले भाग आणि सायकलचा डायनामो वापरून एक यंत्र जुळवले. फिरत्या साच्यात द्रव टाकून त्यावर पहिल्या मऊ लेन्स तयार झाल्या. १९७१ मध्ये अमेरिकेत अशा लेन्सला परवानगी मिळाली. आज जगभर लोक ज्या मऊ लेन्स वापरतात, त्यांचे मूळ हे आहे.

विख्टरले यांच्या जेलमधल्या गाठी मात्र रसायनांनी मारलेल्या होत्या. अशी रसायने वापरली की त्यांचा उरलासुरला अंश जेलमध्ये राहण्याची शक्यता असते, आणि तो धुऊन काढावा लागतो. लेन्स धुता येते. पण पाण्याने भरलेली मोठी, लिबलिबीत पट्टी धुणे, मग निर्जंतुक करणे, मग पॅक करणे हे कटकटीचे आणि खर्चाचे काम. गाठी मारायचा दुसरा मार्ग हवा होता. तो वेगळ्याच ठिकाणी सापडलेला होता.

हारवेल : तोडणारे किरण जोडतातही

दुसऱ्या महायुद्धानंतर अणुभट्ट्या सुरू झाल्या आणि एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. किरणांच्या माऱ्यात तारांवरचे वेष्टण, रबर, प्लास्टिक यांचे काय होते? इंग्लंडमधील हारवेल येथील अणुसंशोधन केंद्रात आर्थर चार्ल्सबी यांनी साधे पॉलिथिन अणुभट्टीत ठेवून पाहिले. त्याचा भुगा होईल असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात त्याच्या धाग्यांमध्ये गाठी पडल्या होत्या, आणि एरवी वितळून जाईल अशा तापमानालाही ते आकार धरून राहू लागले. १९५२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले.

रेडिएशन काही पॉलिमर तोडते आणि काहींना जोडते. अॅक्रिलिकच्या काचेसारखे प्लास्टिक तुटते, पॉलिथिन जोडले जाते. पुढे चार्ल्सबी आणि लंडनमधील कर्करोग संशोधन संस्थेतील पीटर अलेक्झांडर यांनी पाण्यात विरघळलेल्या पॉलिमरवर किरण सोडून पाहिले. तिथे गंमत अशी होते की किरणांचा बहुतेक मारा पाण्यावरच पडतो. पाण्याचे रेणू फुटतात आणि हायड्रॉक्सिल नावाचे अत्यंत चपळ कण तयार होतात. हे कण जवळच्या पॉलिमरच्या धाग्यावरून हायड्रोजनचा एक अणू ओढून नेतात. तिथे धाग्याला एक मोकळे टोक सुटते. अशी दोन मोकळी टोके शेजारी आली की एकमेकांना घट्ट पकडतात. झाली गाठ. रसायन घातले नाही, त्यामुळे मागे उरण्याचा प्रश्नच नाही. गाठी मारणारे कण पाण्यातूनच आले आणि क्षणार्धात संपले.

अर्थात धागे पुरेसे दाट हवेत. द्रव फार पातळ असेल तर धागा शेजाऱ्याला न पकडता स्वतःलाच पकडतो आणि जाळे तयार होत नाही. हे सगळे पन्नासच्या दशकात कळले होते. पण तेव्हा त्याची जखमेवरची पट्टी करावी असे कोणाच्या डोक्यात येणे कठीण होते, कारण जखम कोरडी ठेवायची असते अशी तेव्हाच्या वैद्यकाची ठाम समजूत होती.

खपलीचा समज मोडला

"जखम उघडी ठेव, हवा लागू दे, खपली धरली की बरी होईल." आपल्या आजीने हेच सांगितले आणि बऱ्याच डॉक्टरांनीही. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने 'नेचर' मध्येच याच्या उलट पुरावा मांडला. त्यांनी डुकरांच्या कातडीवर सारख्या खोलीच्या उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा चिकटवला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने पसरली. पुढच्याच वर्षी हिनमन आणि मायबाख यांनी माणसांमध्येही तसेच आढळल्याचे दाखवले.

कारण समजायला सोपे आहे. नव्या त्वचेच्या पेशी जखमेच्या कडेने आणि केसांच्या मुळांपासून आत सरकतात. पृष्ठभाग ओला असेल तर त्यांना सरळ वाट मिळते. वर सुकलेली खपली असेल तर त्यांना तिच्या खालून, ओलावा शोधत, पोखरत जावे लागते. खपली हे निसर्गाचे तात्पुरते झाकण आहे, आणि त्या झाकणापायी वेळ जास्त लागतो.

तरीही वॉर्डात हे पोचायला अनेक वर्षे गेली. मी इंटर्नशिप करत होतो तेव्हाही भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात सकाळची ड्रेसिंगची वेळ नकोशी असायची. जखमेला चिकटून वाळलेले गॉज सलाइनने भिजवत भिजवत सोडवायचे. कितीही हळू काढले तरी त्यासोबत नुकतीच आलेली कोवळी त्वचा निघायची, रक्त यायचे आणि लहान मुले ट्रॉलीचा आवाज ऐकूनच रडायला लागायची. जखमेला न चिकटणारी, तिला ओली ठेवणारी, आतले दिसू देणारी पट्टी का हवी, हे समजायला त्या वॉर्डातली एक सकाळ पुरे होती.

वुच : दोन्ही धागे एकत्र आले

पोलंडमध्ये वुच नावाचे शहर आहे, इंग्रजी नकाशात त्याला 'लॉड्झ' म्हणतात. आपल्या गिरणगावासारखे हे कापड गिरण्यांचे शहर. तिथल्या तंत्रविद्यापीठातील रेडिएशन रसायनशास्त्राच्या संस्थेत यानुश रोशाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ही पट्टी घडवली. १९८९ मध्ये त्यांना या पद्धतीचे अमेरिकी पेटंटही मिळाले.

त्यांच्या पट्टीतले घटक तुमच्या ओळखीचे आहेत.

पहिला घटक पॉलिव्हिनिल पायरोलिडोन. नाव अवघड असले तरी घरातल्या तपकिरी मलमाच्या ट्यूबवर 'पोव्हिडोन आयोडिन' लिहिलेले असते, त्यातले पोव्हिडोन म्हणजे हेच. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत याचा द्रव रक्तद्रवाला पर्याय म्हणून जखमी सैनिकांच्या शिरेतून दिला जात असे.

दुसरा घटक आगर, म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणारे चायना ग्रास. आपल्याकडे त्याची जेली आणि पुडिंग करतात. १८८१ मध्ये फॅनी हेस या गृहिणीने आपल्या संशोधक नवऱ्याला जंतू वाढवण्यासाठी आगर वापरायचे सुचवले, आणि रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेपासून ते आजच्या प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबपर्यंत ते पोचले.

तिसरा घटक पॉलिएथिलीन ग्लायकॉल. बद्धकोष्ठासाठी पाण्यात घालून घ्यायची जी पावडर आम्ही लिहून देतो, ती याच कुळातली.

हे तिन्ही मिळून पट्टीचा साधारण दहावा भाग. बाकी ९० टक्के किंवा त्याहून अधिक फक्त पाणी.

आता कृती पाहा. तिन्ही पदार्थ गरम पाण्यात विरघळवायचे. द्रव पसरट साच्यात ओतायचा. थंड झाला की आगरामुळे जेलीसारखा थिजतो. साचा हवाबंद पाकिटात सील करायचा. आणि सील केलेल्या पाकिटावरच वेगवान इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा, सुमारे २५ किलोग्रे इतक्या मात्रेचा.

या एका पायरीत दोन कामे होतात. धाग्यांमध्ये पक्क्या गाठी पडतात, आणि त्याच वेळी आतले जंतू मरतात. २५ किलोग्रे ही वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करण्यासाठी जगभर वापरली जाणारी मात्राच आहे. पट्टी तयार होते ती बंद पाकिटात, आणि निर्जंतुकही होते तिथेच. त्यानंतर जखमेवर ठेवेपर्यंत तिला कोणाचा हात लागत नाही. धुणे नाही, रसायनाचा अंश नाही, वेगळी निर्जंतुक करण्याची पायरी नाही. आगराची जेली प्रेशर कुकरसारख्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर ठेवली असती तर वितळून गेली असती. इथे उष्णता लागतच नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडमध्ये या पट्ट्यांचे उत्पादन सुरू झाले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने पुढे हे तंत्र अनेक विकसनशील देशांपर्यंत नेण्यास मदत केली.

मग पट्टीत रेडिएशन उरते का?

नाही. पापड उन्हात वाळवतो. उन्हाने पापड बदलतो, वाळतो. पण तो डब्यात भरल्यावर डब्यातून ऊन बाहेर येत नाही. किरण पट्टीतून गेले, त्यांनी आपले काम केले आणि संपले. एक्स-रे काढल्यावर तुमच्या छातीत एक्स-रे उरत नाहीत, तसेच.

किरण पडणे वेगळे आणि वस्तू स्वतः किरणोत्सर्गी होणे वेगळे. निर्जंतुकीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांत किंवा ठरवून दिलेल्या मर्यादेतल्या इलेक्ट्रॉनच्या झोतात पट्टीला किरणोत्सर्गी करण्याइतकी ऊर्जा नसते. कोबाल्टही पट्टीला कधी स्पर्श करत नाही, तो धातूच्या नळ्यांत बंद असतो.

मात्रा समजून घेण्यासाठी एक तुलना. संपूर्ण शरीरावर एकदम ४ ते ५ ग्रे पडले तर उपचारांशिवाय माणूस दगावू शकतो. पट्टीवर पडतात २५,००० ग्रे. आकडा प्रचंड वाटतो. पण ही सगळी ऊर्जा पाण्यात उष्णता म्हणून उतरली, तर पाणी जेमतेम ६ अंशांनी तापेल. ऊर्जा थोडी, पण ती नेमकी रेणूंच्या बंधांवर घाव घालते, म्हणून जिवंत पेशींना घातक. जंतू मरतात ते याचमुळे. त्या यंत्राजवळ माणसाने जाऊ नये यासाठी जाड भिंती आणि कडक नियम असतात. रेडिएशनची भीती तिथे योग्य आहे. पाकिटातल्या पट्टीची भीती बाळगण्याचे कारण नाही.

मुंबई : बटाट्याची साल, केळीचे पान आणि तुर्भे

या इतिहासात मुंबईचा भाग दुहेरी आहे.

जखम ओली ठेवणारी पट्टी महाग असेल तर गरीब रुग्णाने काय करायचे? वाडिया बाल रुग्णालयात भाजलेल्या मुलांवर उपचार करणारे प्लास्टिक सर्जन डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची ड्रेसिंग वापरली आणि १९८५ मध्ये भाजलेल्या जखमांना वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्याविषयी लिहिले. साली गॉजवर ओळीने लावून, निर्जंतुक करून वापरायच्या. पुढे डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या ड्रेसिंगचा अभ्यास केला आणि तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे आजीबाईच्या बटव्यातले उपाय नव्हते. विंटर यांनी दाखवलेले तत्त्व, म्हणजे ओलावा टिकवा आणि जखमेला चिकटू देऊ नका, ते परवडणाऱ्या साहित्यात उतरवण्याचा हा शिस्तबद्ध प्रयत्न होता. घरी कोणी बटाट्याची किंवा केळीच्या पानाची ड्रेसिंग करायला जाऊ नका. तिथे प्रत्येक पट्टी निर्जंतुक केलेली होती, हा फरक मोठा आहे.

दुसरा भाग तुर्भ्याचा. १९७४ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परिसरात, संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने, 'आयसोमेड' हा गॅमा किरणांनी वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करणारा प्रकल्प सुरू झाला. देशातल्या दवाखान्यांत वापरल्या जाणाऱ्या कितीतरी वस्तू तिथून निर्जंतुक होऊन गेल्या. पुढे भाभा केंद्रातील शास्त्रज्ञांनी हायड्रोजेलची स्वतःची कृती बसवली. तिच्यात पोव्हिडोनऐवजी पॉलिव्हिनिल अल्कोहोल, आणि जोडीला आगर व कॅराजीनन ही शेवाळापासून मिळणारी द्रव्ये होती. हे तंत्र खासगी उत्पादकांना देण्यात आले, आणि भारतीय बनावटीची पट्टी बाजारात आली.

याची गरज किती आहे ते एका आकड्यावरून कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम ते गंभीर स्वरूपात भाजतात. स्टोव्ह, गरम पाणी, उकळता चहा, दिवाळीचे फटाके. यातले बहुतेक अपघात घरातच होतात.

तुमच्यासाठी महत्त्वाचे

हायड्रोजेल उपयोगी आहे, पण प्रत्येक जखमेसाठी नाही. काही गोष्टी लक्षात ठेवा.

१. भाजल्यावर सर्वांत आधी वाहत्या नळाच्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काहीही लावू नका. जेलची पट्टी त्यानंतर, आणि डॉक्टरांना दाखवून.

२. कोरड्या किंवा थोडाच स्राव असलेल्या जखमेला ही पट्टी उत्तम. खूप पाणी किंवा पू वाहत असेल तर तिच्यात आधीच ९० टक्के पाणी असल्यामुळे ती फारसे शोषू शकत नाही, आणि आजूबाजूची त्वचा भिजून पांढरी पडते. तिथे वेगळ्या प्रकारची ड्रेसिंग लागते.

३. मधुमेह्यांनी पायाच्या जखमेवर स्वतःच्या मनाने काहीही बांधू नये. रक्तपुरवठा बंद झाल्याने काळे पडून सुकलेले बोट कोरडेच ठेवायचे असते. 'ओली जखम लवकर भरते' हा नियम तिथे लावला तर जंतुसंसर्ग होऊन पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

४. लहान मुलाच्या मोठ्या भागावर गार जेल बराच वेळ ठेवल्यास शरीराचे तापमान घसरू शकते. मोठे भाजणे म्हणजे थेट रुग्णालय.

५. हायड्रोजेलमध्ये औषध नसते. ते जखम भरायला योग्य वातावरण देते. साखर ताब्यात नसेल, पायावरचा दाब कमी केला नसेल, आहारात प्रथिने नसतील, तर महागडी पट्टीही फार काही करू शकत नाही.

६. पाकीट फाटलेले किंवा मुदत संपलेली असेल तर वापरू नका. बंद पाकिटात निर्जंतुक झालेली पट्टी पाकीट उघडेपर्यंतच निर्जंतुक असते. उरलेला तुकडा पुढच्या वेळेसाठी ठेवणे चुकीचे.

आणि तरीही रेडिएशन या शब्दाने मन धास्तावले, तर पुढच्या वेळी दवाखान्यात सिरिंज, हातमोजे किंवा टाक्याच्या धाग्याचे पाकीट हातात घेऊन नीट पाहा. 'स्टराइल' या शब्दाशेजारच्या चौकटीत इंग्रजी 'आर' हे अक्षर असेल, तर ती वस्तू किरणांनी निर्जंतुक केलेली आहे. अशा वस्तू तुमच्या आमच्या शरीराला अनेक वर्षांपासून लागत आल्या आहेत. जेलची पट्टी त्याच रांगेतली. ती कुठल्या जखमेला चालेल, एवढेच आपल्या डॉक्टरांना विचारा.